मानपूरचा परगणा

इंदूरहून महूमार्गे आग्रा-मुंबई रस्त्याला लागलात की घाट उतरण्याआधी मानपूर येते. चहाला थांबून पुढे निघावे, असे गाव. पण आदिवासी कोण, हे आपल्या कायद्याने कसे ठरवले याचे मूळ शोधताना मला हेच नाव सापडले: 1874 च्या ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स’ कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात. संस्थानी माळव्यातला हा एवढासा ब्रिटिश परगणा तिथे आहे, आणि खानदेशातल्या काठी, नाल, सिंगपूर, चिखली, नवलपूरच्या मेवासी सरदारांची गावेही. सर्वसाधारण कायदे जिथे आपोआप लागू व्हायचे नाहीत, अशा मुलखांची ही यादी होती. माणसांची नव्हे.

माझे म्हणणे असे, की आपल्या कायद्यातला आदिवासी या जमिनीच्या यादीतून जन्मला.

अभ्यासकांचा ओढा दुसरीकडे आहे. ते 1931 च्या जनगणनेतल्या, जनगणना आयुक्त हटनच्या ‘आदिम जमाती’ दाखवतात, नाहीतर 1965 च्या लोकूर समितीचे निकष: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपण, इतरांशी मिसळण्यातला संकोच, मागासलेपण. पण यातला एकही निकष घटनेत नाही. कलम 366(25) एवढेच सांगते, की कलम 342 खाली ज्या जमाती मानल्या जातील त्या अनुसूचित जमाती. म्हणजे यादीत नाव असणे हीच व्याख्या. जयपाल सिंग मुंडांनी संविधान सभेत ‘आदिवासी’ शब्दाचा आग्रह धरला, तेव्हा महूत जन्मलेल्या बाबासाहेबांचे उत्तर होते, की त्या शब्दाला कायद्यात निश्चित अर्थ नाही, यादीला आहे. समाजशास्त्रज्ञ घुर्ये तर 1943 मध्येच या लोकांना ‘मागास हिंदू’ म्हणून मोकळे झाले होते. मूळचे कोण, हा वाद कायद्याने सोडवला नाही. तो बाजूला ठेवून यादी केली.

आणि ती यादी जुन्या सवयीने मुलखाला बांधली. 1956 च्या सुधारित यादीत इकडचे भिल्ल-भिलाला कुठले? धार आणि झाबुआ हे जिल्हे, खरगोनच्या सेंधवा, बडवानी, राजपूर, महेश्वर वगैरे तहसिली, रतलामची सैलाना. इंदूर जिल्हा नाही. मानपूर इंदूर जिल्ह्यात गेलेले. म्हणजे 1874 मध्ये ज्याचा मुलूख वेगळा मानला, तो मानपूरचा भिल्ल 1956 मध्ये कायद्याने आदिवासी नव्हता, आणि शेजारच्या धार जिल्ह्यातला त्याचा सोयरा मात्र होता! निकष जर संस्कृतीचा असता, तर तो जिल्ह्याच्या हद्दीवर कसा संपला असता? लोकूर समितीवाल्यांनी याचे उत्तर द्यावे.

1976 च्या दुरुस्ती कायद्याने भिल्लांवरची ही हद्द उठवली आणि ते मध्य प्रदेशभर अनुसूचित झाले. पारध्यांची नोंद मात्र ठरावीक जिल्हे-तहसिलींपुरतीच राहिली आणि त्यांत इंदूर नाही. राज्याची वेस तर सगळ्यांनाच आडवी येते. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की एका राज्यातला अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही. नंदुरबारचा भिल्ल मजुरीसाठी इंदुरात येऊन स्थायिक झाला, तर मध्य प्रदेशच्या यादीत भिल्ल असूनही त्याला इथल्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही. जातीच्या दाखल्याच्या अर्जात आजही विचारतात, 1950 साली तुमचे कुटुंब कुठे राहत होते?