वाडा, टॉवर आणि शंभर मीटर

वडगाव मावळहून लोकलने लोणावळ्याकडे निघालं, की कान्हे आणि कामशेत मागे टाकून गाडी मळवलीला येते. स्टेशनच्या दक्षिणेला भाज्याची लेणी, त्यांच्या वर लोहगड आणि विसापूर. उत्तरेला कार्ल्याचा डोंगर. आठवी-नववीच्या मुलांना आम्ही इथे सहलीला आणतो. पूर्वी खिडकीतून गड आधी कोण ओळखतो याची शर्यत लागायची. आता मुलं वाटेतल्या इमारतींचे मजले मोजतात.

अशाच एका सहलीत डब्यात वाद पेटला. एक मुलगी म्हणाली, "या बिल्डिंगा नसत्या तर डोंगर किती छान दिसले असते!" समोरच्या बाकावरचा मुलगा उसळून म्हणाला, "तू आमच्या जुन्या वाड्यात राहून बघ एक पावसाळा. माजघर गळतं, आजीला जिना चढवत नाही. आम्हाला लिफ्टची बिल्डिंगच पाहिजे." मुलांचे दोन तट पडले. गंमत म्हणजे आम्हा शिक्षकांचेही पडले! खरं तर हा वाद फार जुना आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याला कार्ल्यापासूनच करता येते.

दगडात उतरलेलं लाकूड

कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. म्हणजे चार-साडेचार मजल्यांची उंची, तीही डोंगराच्या पोटात. आत जाऊन मान वर केली की छताला लाकडी कमानी दिसतात. मुलांना विचारावं, "या कमानी काढून टाकल्या तर छत पडेल का?" नाही पडणार. छत म्हणजे अखंड कातळ, त्याला कुणाचा आधार नको. मग कमानी कशाला? तर त्या काळच्या लोकांना ओळखीचं होतं ते लाकडी बांधकाम. त्याहून जुन्या भाज्याच्या लेण्यात तर दगडी खांबही किंचित आत झुकलेले कोरले आहेत. लाकडी घरात वरच्या भाराला तोल देण्यासाठी खांब तसे रोवतात. कातळाला त्याची गरज नाही, पण डोळ्यांना होती.

थोडक्यात, दगडात कोरलेली वास्तू त्या काळी 'आधुनिक' होती आणि ती जुन्या लाकडी वास्तूचा वेश घालून आली. कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकट गावच्या एका सुताराचं नाव दारावरच्या कामासाठी कोरलेलं आहे. दुसऱ्या एका लेखात वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी सांगतो, की त्याने पुरं केलेलं हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. आजच्या टॉवरच्या जाहिराती याहून वेगळं काय सांगतात? तेव्हा 'सर्वांत भव्य' बांधण्याची हौस ही काही आपल्या काळाची देणगी नाही.

दगड किती उंच जाईल?

मग पूर्वीच्या लोकांनी पंचवीस मजले का बांधले नाहीत? हौस नव्हती म्हणून नाही, भिंत परवानगी देत नव्हती म्हणून. दगड-विटांच्या इमारतीत वरच्या प्रत्येक मजल्याचं वजन खालची भिंत पेलते. मजले वाढवायचे तर तळाची भिंत जाड करावी लागते, आणि ती जाड झाली की खालच्या खोल्या आक्रसतात. शिकागोमध्ये १८९१ साली मोनॅडनॉक नावाची सोळा मजली इमारत विटांच्या भिंतींवर उभी राहिली. तिच्या तळाच्या भिंती सुमारे सहा फूट जाड आहेत! वर्गात सहा फूट खडूने आखून दाखवा. एवढी भिंत आपल्या वर्गात आली तर बाकं कुठे ठेवायची?

या अडचणीतून वाट त्याच शहरात निघाली होती. १८८५ साली होम इन्शुरन्स बिल्डिंग या दहा मजली इमारतीत भार धातूच्या सांगाड्याने पेलला. भिंत आता हाड राहिली नाही, नुसती कातडी झाली. पुढे पोलाद आणि लोखंडी सळ्यांचं काँक्रीट यांमुळे सांगाडा वाढतच गेला. दुसरी चावी होती लिफ्ट. एलिशा ओटिसने १८५० च्या दशकात दोर तुटला तरी पाळणा जागीच अडकवणारी युक्ती दाखवली. त्याआधी वरचा मजला म्हणजे दमछाक, म्हणून तो स्वस्त. लिफ्ट आल्यावर तोच मजला वारा आणि देखावा देणारा, म्हणून महाग. घराची किंमतच उलटी झाली.

आपल्याकडे शनिवारवाड्याची गोष्ट याच संदर्भात आठवते. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला. असं सांगतात, की दगडी वाडा बांधणं हा छत्रपतींचा मान, पेशव्यांचा नव्हे, अशी कुरकूर साताऱ्याला झाली, म्हणून खालचा भाग दगडी ठेवून वरचे मजले विटांचे केले. ही दंतकथा असेलही. पण उंच इमारत म्हणजे मोठेपणाची घोषणा, आणि ती कुणी करावी यावर लोकांचं मत असतंच, हे तिच्यातून नेमकं कळतं. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. उरले ते मुख्यतः तट, दरवाजे आणि जोती.

कालचं नवं, आजचं जुनं

नव्याला विरोध आणि मग त्याचाच अभिमान, हा प्रवास जगभर दिसतो. पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याचं काम सुरू झालं तेव्हा, १८८७ साली, नामवंत लेखक-कलावंतांनी निषेधाचं पत्रक काढलं. तीनशे मीटरचा हा लोखंडी सांगाडा आपल्या सुंदर शहराला विद्रूप करील, असं त्यांना वाटत होतं. मनोरा वीस वर्षांनी उतरवायचाही होता. बिनतारी संदेशांसाठी त्याची उंची उपयोगी पडली आणि तो वाचला. आज मनोऱ्याशिवाय पॅरिसचं चित्र काढून दाखवा!

मुंबईत ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहा. पूर्वेला १८७८ साली पुरा झालेला ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय. एकोणिसाव्या शतकातलं दगडी गॉथिक काम. पश्चिमेला समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. काँक्रीटच्या, गोलाकार सज्जांच्या, लिफ्ट असलेल्या, त्या काळच्या अगदी 'मॉडर्न'. २०१८ साली युनेस्कोने दोन्ही बाजूंना मिळून एकच जागतिक वारसास्थळ ठरवलं. समोरासमोरचे जुने आणि नवे आता एकाच यादीत आहेत.

म्हणून काय, आजचा प्रत्येक टॉवर शंभर वर्षांनी वारसा होईल? मुळीच नाही. सांगाड्याच्या इमारतींची आद्य मानली गेलेली ती शिकागोची इमारत १९३१ साली पाडली गेली. नुसतं वय वाढून वारसा होत नाही. कुणीतरी तो राखावा लागतो, आणि राखण्याला खर्च येतो. वादाची खरी गाठ इथे आहे.

शंभर मीटरचं वर्तुळ

कार्ला, भाजे, लोहगड, शनिवारवाडा ही केंद्र सरकारने संरक्षित केलेली स्मारकं आहेत. लोहगड तर २०२५ साली मराठ्यांच्या अन्य अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. १९९२ साली अधिसूचनेने आलेला हा नियम २०१० साली कायद्यातच आला.

डोंगरावरच्या लेण्याभोवती याचा फारसा जाच होत नाही. शनिवारवाड्याभोवती मात्र दाट वस्ती आहे. तिथल्या जुन्या घरांची डागडुजी परवानगीने करता येते, पण पाडून नवं बांधता येत नाही. तिथल्या रहिवाशांचं म्हणणं सरळ आहे: स्मारक सगळ्यांचं, मग त्याची किंमत आम्हीच का मोजायची? आणि पाहणारा म्हणतो, नियम सैल केला तर वाडा इमारतींच्या विहिरीत बुडेल. दोघांचंही खरं आहे. एक आतून बोलतो आहे, दुसरा बाहेरून. आमच्या डब्यातली ती मुलगी आणि तो मुलगा हेच तर बोलत होते!

आता थोडं गणित. शंभर मीटरवर तीस मीटर उंचीची, म्हणजे साधारण दहा मजली, इमारत असेल तर उंची आणि अंतर यांचं गुणोत्तर ०.३. तीनशे मीटरवर नव्वद मीटरचा टॉवर असेल तर तेही ०.३. डोळ्याला दोन्ही सारख्याच उंच दिसतील. पहिल्या इमारतीला कायदा अडवतो, दुसरी त्याच्या कक्षेबाहेर राहते. कायदा अंतर मोजतो, डोळा गुणोत्तर मोजतो. स्मारकाच्या पायाला हादरे बसू नयेत, परिसर मोकळा राहावा, यासाठी वर्तुळ उपयोगी आहे; देखावा वाचवायला ते पुरत नाही.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, तेव्हा इमारतींच्या श्रेणी ठरल्या आणि मालकाला वाया गेलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची सोय झाली. म्हणजे किंमत त्याच्या एकट्यावर पडत नाही. अर्थात इथे वाचलेली उंची दुसरीकडे टॉवर होऊन उभी राहते. वाडा आणि टॉवर हे शत्रू वाटतात, पण हिशेबाच्या वहीत ते कधी कधी एकाच पानावर असतात.

वर्गात काय करता येईल?

उन्हात मीटरभर काठी उभी करून तिची सावली मोजा. त्याच वेळी जवळच्या इमारतीची सावली मोजा. दोन्हींच्या गुणोत्तरावरून इमारतीची उंची मुलं स्वतः काढतील. मग गावातला एक जुना वाडा निवडा. तो बाहेरून पाहणाऱ्या पाच जणांना आणि आत राहणाऱ्या पाच जणांना एकच प्रश्न विचारा: हा राहावा का, आणि राहायचा तर खर्च कुणी करावा? प्रश्नाचा दुसरा भाग गाळू नका. पहिल्या भागाला उत्तरं पटापट येतात.

आमच्या वडगावचं नाव इतिहासात आहे ते १७७९ च्या लढाईमुळे आणि तहामुळे. साध्या वाड्यांची नोंद इतिहास ठेवत नाही, आणि त्यांच्याभोवती शंभर मीटरचं वर्तुळही नसतं. परतीच्या गाडीत आम्ही त्या मुलाला म्हटलं, "वाडा पाडायचं ठरलं तर आधी त्याचा नकाशा काढू, खण मोजू, तुळईची जाडी लिहून ठेवू." तो म्हणाला, "आणि आजीला विचारू, कुठली खोली कशाची होती ते." मघाची ती मुलगी लगेच म्हणाली, "मी येते मोजायला." पुढच्या आठवड्यात टेप घेऊन जायचं ठरलं आहे.