चौकोनी गारगोटी कुठून आली?

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज दगडांचा इतिहास.

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, राहुरीजवळ मोमीन आखाडा हे गाव आहे. तिथे विहिरी खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ॲपोफिलाइटचे हिरवे स्फटिक निघाले आणि गावाचं नाव जगभरच्या संग्राहकांना पाठ झालं. नगरमध्ये कुणाला विचारून बघा!

ॲपोफिलाइटचा स्फटिक चौकोनी वाढतो. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सहा बाजूंची. अणूंची मांडणीच तशी, त्यात सवलत नाही. तरीही दख्खनच्या दगडांत कधीकधी चौकोनी गारगोटी सापडते. ती कशी?

पोकळीत आधी ॲपोफिलाइट वाढला. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी झिरपलं. जुना स्फटिक विरघळत गेला आणि त्याच्या जागी बारीक कणांची गारगोटी बसत गेली. आकार तोच राहिला. आम्ही कोडवाले म्हणू, इंटरफेस जुना, आतला कोड सगळा नवा. कधी वर नुसतं कवच चढतं आणि आतला स्फटिक पार निघून जातो.

फ्रेंच शास्त्रज्ञ रने जुस्त आयुई यानं 1801 च्या ग्रंथात अशा दगडांना 'स्यूडोमॉर्फ' म्हटलं, म्हणजे खोटं रूप. ॲपोफिलाइट हे नावही त्याचंच, 1806 चं. 1843 मध्ये जर्मनीत ब्लूम यानं या विषयावर अख्खं पुस्तक काढलं. मला मात्र 'खोटं' हा शब्द पटत नाही. साधा स्फटिक एकच गोष्ट सांगतो. हा सांगतो की आधी कोण होतं आणि नंतर कोण आलं. आपला लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पोकळ्यांतले काही स्फटिक त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी तयार झालेले. हा मधला काळ वाचायचा तर असेच साक्षीदार हवेत.

पण बाजारात चमकतं ते विकलं जातं. मळकट पांढरा चौकोनी खडा मुरमासोबत रस्त्याखाली जातो. विकला गेलाच, तर गाव हरवतं. जुन्या संग्रहांत दख्खनच्या कितीतरी नमुन्यांवर नुसतं 'पूना' लिहिलेलं असतं. विहीर पाण्यासाठी खोदतात, त्यामुळे खोदणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तुमच्या शिवारात विहिरीचं काम चालू असेल तर आत उतरू नका. वर आलेल्या ढिगात असा खडा दिसला, तर शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन चालू ठेवा, आणि किती फुटांवरून निघाला ते खोदणाऱ्या दादांना विचारून लिहून ठेवा.