जालियनवाला बाग : चौकशी कुणी करायची?

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटात जी हिशेब लिहिते, तीच तो तपासत नाही. मग सरकारने लोकांवर गोळ्या झाडल्या, तर तपास कुणी करायचा? शंभर वर्षांपूर्वी पंजाबात हाच प्रश्न उभा राहिला.

13 एप्रिल 1919. अमृतसरच्या जालियनवाला बागेत रौलट कायद्याच्या विरोधात सभा भरली होती. जनरल डायरने इशारा न देता 1650 गोळ्या झाडवल्या. सरकारी आकडा 379 मृतांचा.

मग सरकारनेच हंटर समिती नेमली. आठांत तिघे भारतीय. त्यातल्या मुंबईच्या चिमणलाल सेटलवाडांनी डायरला नेमके प्रश्न विचारले. चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या, तर मशीनगनही चालवल्या असत्या, असे त्याने जवळपास कबूल केले. इंग्रज सदस्यांनी डायरला दोष दिला, पण पंजाबातला लष्करी कायदा योग्य ठरवला. तिघा भारतीयांनी तोही गैर ठरवून वेगळा अहवाल दिला.

काँग्रेसने आपली समिती नेमली. गांधीजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मु. रा. जयकर तीत होते. त्यांनी सतराशेवर जबान्या घेतल्या. नवऱ्याच्या प्रेताजवळ रात्रभर एकटी बसलेली रतनदेवी तिथे बोलली, म्हणून ती रात्र आज आपल्याला ठाऊक आहे.

डायरचे पद गेले, खटला झाला नाही. तरी सरकारचा शब्द शेवटचा राहिला नाही. म्हणून आम्ही म्हणतो, बायांनो, पाहिलेले तारखेनिशी लिहून ठेवा, सह्या करा, आणि चौकशी समितीत कोण बसले आहे ते आधी विचारा.