सूर गाळणारी यंत्रे : फिल्टर आणि रेझोनेटर

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून वाहणारी भीमा पुढे उजनीच्या जलाशयात विसावते आणि तेथून पंढरपूर-मंगळवेढ्याकडे जाते. सोलापूर जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून मिरजेला पाठविले जातात व तेथे त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात. तंबोऱ्याचा हा भोपळा आणि मॉड्युलर सिंथेसायझरमधील 'रेझोनेटर' ही एकाच कुळातील साधने आहेत, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. हाती आलेल्या ध्वनीतील काही अंश उचलून धरणे आणि उरलेल्यांना मागे सारणे, हे दोघांचेही काम.

कोणताही सूर एकटा नसतो. सेकंदाला १०० कंपने करणारी तार छेडली, की तिच्याबरोबर २००, ३००, ४००, ५०० असे उपस्वरही उमटतात. यातील पाचवा, म्हणजे ५०० कंपनांचा, हा त्या षड्जाचा गांधार होय. उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून न छेडताच ऐकू येणारा 'स्वयंभू गांधार' तो हाच. तो ठळक होतो जवारीमुळे. घोडीचा किंचित बाकदार पृष्ठभाग आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांच्यामुळे कंप पावणारी तार घोडीला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि वरचे उपस्वर सतत जागे राहतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१मध्ये या करामतीवर शोधनिबंध लिहिला. तारेच्या ज्या बिंदूवर आघात होतो तेथे स्थिर राहणारे उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम. तंबोरा तो पाळत नाही, असे त्यांना आढळले. जवारीने जागविलेल्या या उपस्वरांना तबली आणि भोपळा यांची पोकळी आपापल्या आवडीप्रमाणे बळ देते. यालाच अनुनाद म्हणतात.

सिंथेसायझरमध्ये तारेच्या जागी ऑसिलेटर असतो. त्यातून निघणारी करवतीच्या दातांसारखी लहर सर्व उपस्वरांनी भरलेली, पण कानाला रुक्ष असते. तिला आकार देतो तो फिल्टर. अमेरिकन अभियंता रॉबर्ट मूग यांना १९६९मध्ये पेटंट मिळालेला शिडीसारख्या रचनेचा फिल्टर ठरावीक मर्यादेखालचे उपस्वर जाऊ देई. त्या मर्यादेवर प्रत्येक सप्तकामागे ध्वनीची तीव्रता २४ डेसिबलने उतरे, म्हणजे लहरीची उंची सोळाव्या भागावर येई. हा झाला 'लो-पास'. याच्या उलट खालचे अडवून वरचे सोडणारा 'हाय-पास', मधला पट्टा तेवढा राखणारा 'बँड-पास' आणि नेमका तोच पट्टा वगळणारा 'नॉच'. हे सारे एकाच मंडलातून देतो तो 'मल्टी-मोड' फिल्टर. टॉम ओबरहाइम यांच्या १९७४मधील छोटेखानी सिंथेसायझरने ही सोय अनेक वादकांच्या हाती दिली. त्यातील उतार सौम्य, १२ डेसिबलचा होता. अनेकांना त्याचा मोकळा आवाजच अधिक भावला.

खरी गंमत 'रेझोनन्स'च्या बटणात आहे. फिल्टरमधून बाहेर पडलेला ध्वनी थोडा पुन्हा आतच सोडला, की मर्यादेच्या रेषेवरील उपस्वर उसळून वर येतो. मघाच्या उदाहरणात ही रेषा ५०० कंपनांवर आणून रेझोनन्स वाढवला, तर यंत्रातूनही गांधारच गुणगुणू लागेल. तो आणखी वाढवला, तर बरेच फिल्टर स्वतःच गाऊ लागतात. त्या सीमेच्या जरा अलीकडे थांबून आत विजेचा एक लहानसा ठोका दिला, की जलतरंगाच्या वाटीसारखा नाद घुमतो आणि विरतो. असे अनेक अरुंद फिल्टर शेजारी मांडले, की रेझोनेटर तयार झाला. दुसरी रीत विलंबाची. ध्वनी ५ मिलिसेकंद रोखून पुन्हापुन्हा फिरवला, तर २०० कंपनांची जणू तारच निर्माण होते. फ्रान्समध्ये २०१५मध्ये निघालेल्या 'रिंग्ज' या मॉड्यूलमध्ये सतारीच्या तरफांप्रमाणे झंकारणाऱ्या तारांचीही सोय होती.

भारतात मॉड्युलर सिंथेसायझर आला तो १९६९मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने आणि गीता साराभाई यांच्या पुढाकाराने तेथे मूगचा स्टुडिओ उभा राहिला. तेथील ध्वनिफिती २०२३मध्ये संग्रहरूपाने रसिकांपर्यंत पोहोचल्या. मुंबईची कथा याहून विलक्षण. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये ललित, तोडी, मालकंस अशा दहा रागांची ध्वनिमुद्रिका डिस्कोच्या ठेक्यावर केली. त्यासाठी त्यांनी वापरलेले रोलंडचे टीबी-३०३ हे यंत्र मुळात बास गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी बनविलेले होते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची त्याची सोय मींडेच्या जवळची आणि रेझोनन्सचे बटण पिळले की आवाज चिरकत उठे. त्याच चिरकण्यातून शिकागोत १९८७मध्ये 'अॅसिड हाउस' हा प्रकार गाजला. मुंबईतील मुद्रिका मात्र खपली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले. २०१५मध्ये सिंग यांचे निधन झाले.

बटण फिरवून फिल्टर क्षणात बदलता येतो. भोपळ्याचा अनुनाद मात्र वेलीवर आणि नंतर कारागिराच्या हाती एकदाच ठरतो. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी मिरजेत एकोणिसाव्या शतकात हा व्यवसाय आरंभला. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आज घरोघरी आणि मोबाइलमध्येही आहे. तरी जवारी लावण्याचे काम अजून कानस आणि कान यांच्यावरच चालते. तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, सूर बंद होऊ लागतो आणि वाद्य पुन्हा कारागिराकडे न्यावे लागते.