पितळी पत्र्यातले पहिले इंजिन

लखनौहून सीतापूरकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत बख्शी का तालाब लागते. या बाजूने १८८६ साली पहिली आगगाडी धावली, ती मीटरमापी रुळांवरून. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत हे माप ठरले. हिंदुस्थानात लवकरच दशमान पद्धती येणार, अशी तेव्हा अपेक्षा होती. पद्धती यायला १९५६ चा कायदा व्हावा लागला. रूळ मात्र आधीच येऊन बसले होते! पुढे हा मार्ग रोहिलखंड-कुमाऊँ रेल्वेकडे, १९४३ मध्ये अवध-तिरहुत रेल्वेकडे आणि १९५२ मध्ये पूर्वोत्तर रेल्वेकडे गेला. २०१६ साली मीटरमापी वाहतूक थांबली आणि २०१९ मध्ये त्याच वाटेने रुंदमापी गाड्या सुरू झाल्या.

रूळ उखडले गेले की मागे उरतात छायाचित्रे, वेळापत्रके आणि छोट्या प्रतिकृती. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली खुले केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहणाऱ्यांना या छंदाची ओळख आहेच. परंतु तयार गाडी रुळांवर फिरविणे निराळे आणि पितळेच्या सपाट पत्र्यातून इंजिन उभे करणे निराळे.

या पत्र्याची विद्या छापखान्यातून आली. धातूवर प्रकाशसंवेदी लेप द्यायचा, त्यावर आकृती उमटवायची आणि उघडा राहिलेला भाग रसायनाने खाऊ द्यायचा. फॉक्स टॅलबट या इंग्रज संशोधकाने १८५२ मध्ये अशा कोरणीचे पेटंट घेतले. छापखान्यातील चित्रांचे ठसे याच घराण्यातले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके ठसे कोरण्याच्याच धंद्यात होते, ही गोष्ट येथे सहज आठवते. पितळी इंजिनाच्या संचात हीच कोरणी पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी चालते. जेथे आरपार जाते तेथे भाग सुटा होतो. जेथे अर्ध्यावर थांबते तेथे घडीची रेघ मिळते, किंवा मागून टोचून रिव्हेट उठविता येतो.

आता प्रश्न निवडीचा. बख्शी का तालाबच्या जुन्या मार्गाची आवड असलेल्याचे मन वायपी जातीच्या इंजिनाकडे धावणार, हे उघड आहे. १९४९ पासून आलेले आणि पुढे जमशेदपूरला १९७० पर्यंत घडलेले हे देखणे प्रवासी इंजिन. त्याची चालकचाके १३७२ मिलिमीटरची; सत्त्याऐंशीपट लहान केली की जेमतेम १६ मिलिमीटर उरतात. मीटरमापी रूळ त्या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटर होतो, म्हणून बारा मिलिमीटरचा तयार रूळ चालून जातो. रुंदमापी इंजिनाचे तसे नाही. तेथे सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत आणि बाजारात सर्वत्र मिळणारा रूळ असतो साडेसोळाचा. एवढ्यापुरते मीटरमापी शौकिनाचे दैव बलवत्तर म्हणावे लागेल.

तरीही पहिल्या खेपेस वायपी हाती घेणे धाडसाचे आहे. पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन अशी बारा चाके, बाहेर सिलिंडर आणि त्यांच्याभोवती झडपांच्या दांड्यांचे जाळे. एक छिद्र केसभर वाकडे गेले तरी सारी चाल अडखळते. शिवाय डाख देताना उष्णता वाढली तर पातळ पत्रा वळतो. आणि बिघडलेला पत्रा पुन्हा मिळेलच असे नाही, कारण असे संच बहुधा थोड्याच संख्येने निघतात.

काही जाणकार नवख्याला आधी मालडबा करायला सांगतात. डाखेचा हात बसण्यास तो उत्तम; मात्र इंजिनाची खरी परीक्षा चौकटीत, आसांत आणि जोडदांड्यांत असते. ती मालडब्यात होत नाही. म्हणून पहिली निवड सहाचाकी, आतल्या सिलिंडरच्या लहान टाकीवाल्या इंजिनाची करावी. स्वतंत्र टेंडर नाही, बाहेर झडपांचे दांडे नाहीत, आणि सपाट बाजूंची टाकी घडी घालायला सोपी. संच घेण्यापूर्वी सूचनापत्र मागवून वाचावे. चाके, विद्युतचलित्र आणि दंतचक्रे बरेचदा संचात नसतात. ती वेगळी घ्यावी लागतात, आणि खर्चाचा मोठा भाग तेथेच जातो.

पुण्याच्या तांबट आळीत ठोक्याने तांबे घडते, येथे ठोका जवळजवळ नाहीच. पण जोड स्वच्छ घासणे आणि उष्णता नेमक्या जागी देणे दोहींकडे सारखेच. जोडदांडे बसवून चौकट मोटारीविना बोटाने ढकलून पाहावी. ती उतारावर आपोआप घसरली, की वायपीचा पत्रा उघडायला हरकत नाही.