शिशाचा रंग आणि उत्पादकाचे दायित्व

अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली, पण जुन्या भिंतींवरचे थर जागेवरच राहिले. त्यांचे पोपडे सुटतात, धूळ होते आणि रांगत्या मुलाच्या हातातून ती पोटात जाते. मेंदूला झालेली हानी औषधाने भरून येत नाही. म्हणून थरच काढावे लागतात. तो खर्च घरमालकाने सोसायचा, करदात्याने, की रंगात पडणारा सफेदा (शिशाचे पांढरे रंगद्रव्य) विकून नफा कमावलेल्या कंपन्यांनी?

पहिला मार्ग बाधित मुलाच्या नुकसानभरपाईचा. यात विष कोणत्या कंपनीचे, हे सिद्ध करावे लागते. एकावर एक चढलेल्या जुन्या थरांतून ते कळणे जवळजवळ अशक्य. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ही अट शिथिल केली : धोका निर्माण करण्यात ज्याचा वाटा, त्याचा दायित्वातही वाटा.

दुसरा मार्ग सार्वजनिक उपद्रवाचा. यात शासनच वादी असते आणि उपद्रव दूर करण्याची मागणी करते. ऱ्होड आयलंडमध्ये ज्युरीने २००६ साली तीन कंपन्यांना जबाबदार धरले. २००८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मुलांना बाधा झाली तेव्हा रंग कंपन्यांच्या ताब्यात नव्हता, हे त्याचे कारण. कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीने २००० साली सुरू केलेल्या दाव्यात कसोटी बदलली : धोका ठाऊक असूनही घरात वापरण्यासाठी या रंगाचा प्रचार केला का? १९५०नंतरच्या प्रचाराचा पुरावा अपुरा ठरल्याने अपील न्यायालयाने २०१७ साली दायित्व १९५१पूर्वीच्या घरांपुरते ठेवले. २०१९ साली तीन कंपन्यांनी ३०.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

माझ्या मते कॅलिफोर्नियाची कसोटीच न्याय्य आहे. विक्री म्हणजे ताबा सोडणे. ताबा हाच निकष मानला, तर कोणताही विक्रेता सुटेल. जाणिवेचा निकष मात्र दायित्व लादतो आणि त्याला मर्यादाही घालतो. आणि जाणीव जुनी होती : ब्रिस्बेनचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ सालीच मुलांच्या विषबाधेचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगात दाखवले होते. घरमालकांनी डागडुजी केली नाही, हा कंपन्यांचा आक्षेप अंशतः खरा आहे. पण भिंतीची निगा मालकाकडे असली, तरी रंगात शिसे त्याने घातलेले नसते.

भारतात २०१६च्या नियमांनी घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरवली. हे बंधन नव्या डब्यांना लागू आहे. जुन्या भिंती कोणाच्या पैशाने साफ होणार, हे आपल्याकडेही ठरायला हवे.