शिकागोच्या फुटपाथवरचा किल्ला

शिकागोला कधी आलात तर मिशिगन अ‍ॅव्हेन्यू आणि वॅकर ड्राइव्हच्या चौकात जरा खाली बघून चाला. फुटपाथमध्ये पितळी पट्ट्या बसवलेल्या दिसतील. फोर्ट डिअरबॉर्न नावाचा किल्ला इथे होता, त्याच्या हद्दीची ही खूण. ऑनसाईट येऊन शिकागोत राहायला लागल्यापासून मी कित्येक वीकांत इथे रेंगाळलोय.

किल्ला म्हटल्यावर राजगड आठवू नका हं! १८०३ साली बांधलेलं हे लाकडी ओंडक्यांचं कुंपण, आत बराकी आणि दोन लाकडी बुरूज. तेव्हा अमेरिकेची सरहद्द इथे होती. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात मूळच्या जमातींकडून नदीच्या मुखाशी सहा मैल लांब-रुंद जमीन घेतली, त्यावर हा उभा राहिला. आणि त्याच्याही आधी इथे घर बांधून व्यापार करणारा ज्याँ बाप्तिस्त प्वाँ द्यू साब्ल हा कृष्णवर्णीय माणूस होता. त्याची बायको पोटावाटोमी जमातीची.

१८१२ मध्ये ब्रिटिशांशी युद्ध पेटलं. किल्ला रिकामा करा असा जनरल हलचा हुकूम आला. कॅप्टन हील्डने किल्ल्यातला माल पोटावाटोमींना वाटायचं कबूल केलं, पण दारूगोळा आणि दारू मात्र आधीच नष्ट करून टाकली. त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच, शत्रूच्या हाती बारूद कोण देईल? समोरच्यांच्या दृष्टीने तो सरळ शब्द मोडणं होता. १५ ऑगस्टला सैनिक, बायका, मुलं असे नव्वदेक जण बाहेर पडले. दीड-दोन मैलांवर पोटावाटोमींनी त्यांना गाठलं. निम्म्याहून जास्त मारले गेले, त्यात १२ लहान मुलं. दुसऱ्या दिवशी किल्ला जाळला.

आता खरी गोष्ट सुरू होते, ती म्हणजे नावाची. शिकागोने या घटनेला कायम ‘कत्तल’ म्हटलं. १८९३ साली त्याच नावाचा ब्राँझचा पुतळाही उभारला. १८९९ मध्ये सायमन पोकागॉन या पोटावाटोमी लेखकाने मासिकात लेख लिहून मुद्दा मांडला, की गोरे मेले की कत्तल आणि आम्ही मेलो की लढाई, हा कुठला हिशोब? पुढे ११० वर्षं गेली. २००९ साली त्या जागेजवळ एक छोटी बाग झाली, तिच्या पाटीवर शब्द आला ‘लढाई’. पुतळा त्याआधीच, १९९७ मध्ये, गोदामात गेला होता.

मग प्रश्न सुटला का? मला नाही वाटत. ‘लढाई’ म्हटलं की ती १२ मुलं शब्दाआड जातात. ‘कत्तल’ म्हटलं की जमीन कशी गेली ते जातं. १८३३ च्या तहात तर पोटावाटोमी आणि त्यांच्या मित्र जमातींची सुमारे ५० लाख एकर जमीन गेली, बहुतेकांना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. फुटपाथवरच्या पितळी पट्टीत यातलं काही मावत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. १८५७ ला बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर, यावर आपण किती भांडलो! दिल्लीच्या रिजवर इंग्रजांनी आपल्या मेलेल्या सैनिकांसाठी स्मारक बांधलं, आपले लोक त्यात ‘शत्रू’. १९७२ मध्ये सरकारने जुना शिलालेख पुसला नाही, शेजारी दुसरा लावला: ज्यांना इथे शत्रू म्हटलंय ते परकीय सत्तेविरुद्ध लढणारे लोक होते. मला ही युक्ती जाम आवडते. जुना शब्द बदलला की कोणी काय म्हणत होतं तेही विसरायला होतं. दोन पाट्या शेजारी असल्या की वाचणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

शिकागोच्या झेंड्यावर चार तारे आहेत, त्यातला एक या किल्ल्याचा. पोकागॉनचा मुद्दा चार ओळींत लिहून त्या पितळी पट्ट्यांशेजारी लावायला फार खर्च येणार नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं?